गुड की वेल, बॅड की बॅडली: लिंकिंग आणि स्टेटिव्ह व्हर्ब्ज न चुकता वापरायची पद्धत

“द सूप टेस्ट्स वेल.” “आय फील बॅडली अबाउट इट.” “प्लीज कीप क्वाएटली.” “आय ॲम नोइंग हिम सिन्स लाँग.”

ही चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांना ग्रामर येत नसतं असं अजिबात नाही, उलट पहिल्या तीन वाक्यांत शाळेत पाठ केलेला एक नियम ते अगदी मनापासून पाळत असतात, की क्रियापदाला जोडून काही सांगायचं असेल तर ॲडव्हर्ब लावायचं. नियम बरोबरच आहे. फक्त तो लावायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती ठरवायचीच राहून जाते: हे क्रियापद इथे काही काम करतंय, की कर्ता कसा आहे एवढंच सांगतंय? हे आधी ठरवलं की गुड की वेल हा प्रश्न फार वेळ घेत नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच ठेवा, मधला टप्पा गाळून थेट शब्द निवडायला गेलात की परत अंदाजपंचे सुरू होतं.

## तयारी: तीन याद्या करून ठेवा

वहीत किंवा फोनवर, कुठेही चालेल, पण प्रत्येक शब्दासमोर स्वतः बनवलेलं एक वाक्य हवं, नुसत्या शब्दांच्या यादीचा काही उपयोग होत नाही.

पहिली यादी, कायम जोडणारी क्रियापदं, म्हणजे लिंकिंग व्हर्ब्ज, जी कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात: बी (म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन), सीम, बिकम. यांच्यापुढे कर्ता कसा आहे ते सांगायचं असेल तर ॲडजेक्टिव्हच येतं.

दुसरी यादी, दोन्हीकडे चालणारी, म्हणजे कधी जोडणारी तर कधी काम करणारी: लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील, अपिअर, प्रूव्ह, ग्रो, टर्न, गेट, गो, स्टे, रिमेन, कीप. सगळा घोळ इथेच होतो, त्यामुळे या यादीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

तिसरी यादी, स्टेटिव्ह: नो, बिलीव्ह, अंडरस्टँड, रिमेंबर, लाइक, लव्ह, हेट, वाँट, नीड, प्रिफर, ओन, बिलाँग, कंटेन, कॉस्ट, मीन. ही कृती सांगत नाहीत, स्थिती सांगतात.

लक्ष द्या: स्टेटिव्ह आणि लिंकिंग ही एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत. ‘सीम’ दोन्ही आहे. ‘नो’ स्टेटिव्ह आहे पण लिंकिंग नाही, म्हणून “आय नो हिम वेल” असं ॲडव्हर्बच लागतं. ‘बिकम’ लिंकिंग आहे पण स्टेटिव्ह नाही, म्हणून “इट इज बिकमिंग डार्क” बिनधास्त चालतं. ‘इंग लावू का’ हा एक प्रश्न आणि ‘ॲडजेक्टिव्ह की ॲडव्हर्ब’ हा दुसरा, हे दोन एकत्र सोडवायला जाऊ नका.

## टप्पा १: मुख्य क्रियापद वेगळं काढा

हॅव, हॅड, विल, मे, कुड अशी मदतनीस क्रियापदं बाजूला ठेवा. “ही मस्ट हॅव फेल्ट टेरिबल” यात मुख्य क्रियापद फील. “शी हॅज बीन लुकिंग टायर्ड” यात लुक. काळ कोणताही असू दे, पुढच्या शब्दावर त्याचा परिणाम होत नाही. एवढंच, पुढे चला.

## टप्पा २: मराठीत कोणतं क्रियापद येतंय ते बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि मराठी माणसाला इथे खरोखर फायदा आहे, कारण इंग्रजीत जिथे एकच शब्द दोन कामं करतो तिथे मराठीत बहुतेक वेळा दोन वेगळी क्रियापदं आहेत.

लुक म्हणजे दिसणं, नाहीतर बघणं.
स्मेल म्हणजे वास येणं, नाहीतर वास घेणं.
टेस्ट म्हणजे चवीला लागणं, नाहीतर चव घेऊन बघणं.
फील म्हणजे वाटणं, नाहीतर हात लावून चाचपणं.
साउंड म्हणजे ऐकायला वाटणं, नाहीतर वाजणं.
अपिअर म्हणजे वाटणं, नाहीतर समोर येणं.
ग्रो म्हणजे होत जाणं, नाहीतर वाढणं.
टर्न म्हणजे होणं किंवा पडणं, नाहीतर वळणं.
प्रूव्ह म्हणजे ठरणं, नाहीतर सिद्ध करणं.

प्रत्येक ओळीतला पहिला अर्थ जोडणारा, दुसरा काम करणारा. आता हे वाक्य घ्या: “शी लुक्ट अँग्री.” ती रागावलेली दिसली. दिसली, म्हणजे जोडणारा अर्थ. आणि “शी लुक्ट अँग्रिली ॲट द स्क्रीन”, तिने रागाने स्क्रीनकडे बघितलं. बघितलं, म्हणजे काम. पहिल्यात राग तिचं वर्णन करतोय, दुसऱ्यात बघण्याची तऱ्हा सांगतोय. तसंच “ही अपिअर्ड काम” म्हणजे तो शांत वाटला, आणि “ही अपिअर्ड सडनली” म्हणजे तो अचानक समोर आला.

मराठी जिथे दगा देते ती जागाही ओळखून ठेवा. “ती चांगली दिसते” आणि “ती चांगली गाते”, दोन्हीकडे आपण ‘चांगली’ हाच शब्द वापरतो. ‘छान’चंही तेच, छान दिसतं, छान गातं, छान लिहितं. त्यामुळे चांगलं आणि छान या शब्दांवरून इंग्रजी शब्द ठरवायचा नाही, मागच्या क्रियापदावरून ठरवायचा. दिसणं असेल तर “शी लुक्स गुड”, गाणं असेल तर “शी सिंग्ज वेल”.

तपासा: क्रियापद काढून तिथे इज, आर किंवा वॉज ठेवा. “द सूप टेस्ट्स सॉल्टी” चं “द सूप इज सॉल्टी” झालं, वाक्य टिकलं, म्हणजे जोडणारं क्रियापद. “शी टेस्टेड द सूप केअरफुली” चं “शी वॉज द सूप केअरफुली” झालं, काहीच अर्थ लागत नाही, म्हणजे काम करणारं. मराठी क्रियापद आणि ही चाचणी, दोन्हीचं उत्तर एकच आलं की पुढे जायचं.

## टप्पा ३: आता शब्द निवडा

जोडणारं असेल तर ॲडजेक्टिव्ह, काम करणारं असेल तर ॲडव्हर्ब. बहुतेक वाक्यं इथेच सुटतात. पण काही जोड्या अशा आहेत की ज्यावर थांबायलाच हवं.

बॅड आणि बॅडली. “आय फील बॅड” म्हणजे मला वाईट वाटतंय किंवा बरं वाटत नाहीये. “आय फील बॅडली” काही इंग्रजी भाषकही बोलतात, पण लिहिताना बॅड हेच ठेवा, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. “द रूम स्मेल्स बॅड” म्हणजे खोलीत घाण वास येतोय, इथे बॅडली नको. मात्र “आय बॅडली नीड अ ब्रेक” हे बिनचूक आहे, कारण नीड लिंकिंग नाही आणि बॅडली इथे गरज किती आहे ते सांगतंय.

गुड आणि वेल. गुड ॲडजेक्टिव्ह, वेल ॲडव्हर्ब, हे सगळ्यांना माहिती असतं. पण वेल तब्येतीच्या अर्थाने ॲडजेक्टिव्हही आहे, त्यामुळे “शी लुक्स वेल” चूक नाही, त्याचा अर्थ तिची तब्येत बरी दिसतेय. “शी लुक्स गुड” म्हणजे ती छान दिसतेय. आजारातून उठलेल्या माणसाला वेल म्हणा. सूपला तब्येत नसते, म्हणून “द सूप टेस्ट्स गुड” एवढंच.

स्ट्राँग आणि स्ट्राँगली. ही जोडी चांगल्या चांगल्यांना अडवते. “आय फील स्ट्राँग” म्हणजे अंगात ताकद वाटतेय. “आय फील स्ट्राँगली अबाउट धिस” म्हणजे या विषयावर माझं मत ठाम आहे. दुसऱ्या वाक्यात फील म्हणजे मत बाळगणं, म्हणून ॲडव्हर्ब. तसंच “द कॉफी स्मेल्स स्ट्राँग” पण “द रूम स्मेल्स स्ट्राँगली ऑफ स्मोक”. वास कशाचा आहे ते ‘ऑफ’ लावून सांगितलं की तो वास किती आहे हे सांगायला ॲडव्हर्ब येतं.

लक्ष द्या: शेवटी ‘ली’ दिसलं म्हणजे ॲडव्हर्ब असं समजू नका. फ्रेंडली, लोनली, लव्हली, सिली, अग्ली, लाइव्हली, कॉस्टली, एल्डरली हे सगळे ॲडजेक्टिव्ह आहेत. “ही सीम्स फ्रेंडली” बरोबर. “ही स्पोक फ्रेंडली” चूक, तिथे “इन अ फ्रेंडली वे” लिहावं लागतं. आणि फास्ट, हार्ड, लेट, अर्ली यांना ॲडव्हर्ब व्हायला ली लागत नाही, उलट हार्डली म्हणजे जेमतेम आणि लेटली म्हणजे अलीकडे, अर्थच बदलतो. “ही वर्क्स हार्डली” असं कुणाच्या शिफारशीत लिहिलं तर चक्क उलटा शेरा जातो.

## टप्पा ४: मग ॲडव्हर्ब लिंकिंग व्हर्बसोबत येतच नाही का?

येतं, फक्त जागा वेगळी. खूप जण ‘लिंकिंगनंतर ॲडव्हर्ब नाही’ एवढंच लक्षात ठेवतात आणि मग “इट लुक्स रिअली नाइस” सुद्धा खोडतात, त्याची गरज नाही.

किती, हे सांगणारं ॲडव्हर्ब ॲडजेक्टिव्हच्या आधी बसतं: “इट स्मेल्स रिअली गुड”, “शी लुक्स अनयूज्वली टायर्ड”, “द टेस्ट वॉज सरप्राइजिंगली ईझी”. इथे अनयूज्वली हे टायर्डबद्दल सांगतंय, लुकबद्दल नाही.

किती वेळा, हे सांगणारं ॲडव्हर्ब बी नंतर आणि बाकीच्या क्रियापदांच्या आधी: “ही इज ऑल्वेज लेट”, पण “ही ऑल्वेज लुक्स टायर्ड”. “ही ऑल्वेज इज लेट” हे जोर देऊन बोलताना ऐकू येतं, साध्या लिखाणात टाळा.

कुठे, हे सांगणारं ॲडव्हर्ब बी नंतर सरळ येतं, “शी इज अपस्टेअर्स”, “दे आर हिअर”. इथे आपण कर्ता कसा आहे ते सांगत नाही, कुठे आहे ते सांगतो.

आणि व्हेरी. मराठीत “मला ते खूप आवडतं” आणि “ते खूप सुंदर आहे”, दोन्हीकडे खूप. म्हणून “आय व्हेरी लाइक इट” असं लिहिलं जातं. व्हेरी क्रियापदाला असं चिकटत नाही. “आय रिअली लाइक इट” किंवा “आय लाइक इट व्हेरी मच” म्हणा, आणि ‘इट’ हे लाइकला लागूनच राहू दे, “आय लाइक व्हेरी मच इट” नाही.

## टप्पा ५: ‘लाइक’ कुठे लावायचं ते ठरवा

“इट लुक्स लाइक ब्यूटिफुल” ही चूक इतकी पसरली आहे की वाचून वाचून ती बरोबर वाटायला लागते. क्रम असा ठेवा:

पुढे नुसतं ॲडजेक्टिव्ह असेल तर लाइक नको: “इट लुक्स ब्यूटिफुल.”
पुढे नाम असेल तर लाइक हवं: “इट लुक्स लाइक अ पॅलेस”, “दॅट साउंड्स लाइक अ गुड प्लॅन.”
पुढे अख्खं वाक्य असेल तर ॲज इफ किंवा लाइक: “ही लुक्स ॲज इफ ही हॅजंट स्लेप्ट.” बोलताना लाइक सर्रास चालतं, औपचारिक लिखाणात ॲज इफ बरं.

तपासा: “अ गुड प्लॅन” मध्ये गुड दिसलं म्हणून ते ॲडजेक्टिव्ह धरू नका. शेवटचा शब्द प्लॅन आहे, तो नाम, म्हणून लाइक.

## टप्पा ६: ‘होणं’ आणि ‘राहणं’ वाली क्रियापदं

‘होणं’साठी इंग्रजीत गेट, गो, टर्न, ग्रो, बिकम, फॉल, कम असे बरेच शब्द आहेत आणि कोणता शब्द कुणाबरोबर जातो हे ठरून गेलेलं आहे. गो बॅड, गो राँग, गो ब्लाइंड. टर्न रेड, टर्न सावर. ग्रो ओल्ड, ग्रो टायर्ड. फॉल इल, फॉल अस्लीप. कम ट्रू. गेट अँग्री, गेट रेडी. यात तर्क शोधत बसू नका, जोडी म्हणूनच पाठ करा. सगळीकडे बिकम वापरलं तर ग्रामर चुकत नाही पण भाषा अवघडल्यासारखी होते. शब्द मात्र सगळीकडे ॲडजेक्टिव्हच, “द मिल्क टर्न्ड सावर”, “द प्लॅन वेंट राँग”.

‘राहणं’ म्हणजे स्टे, रिमेन, कीप. “स्टे काम”, “रिमेन सायलेंट”, “कीप क्वाएट”. आता बारकावा बघा. “शांत राहा” म्हणजे “कीप क्वाएट”, आणि “शांतपणे बसा” म्हणजे “सिट क्वाएटली”. मराठीनेच इथे फरक करून ठेवलाय, शांत आणि शांतपणे, तो जसाच्या तसा इंग्रजीत न्या. “कीप क्वाएटली” हे या दोघांची सरमिसळ करून तयार झालंय.

लक्ष द्या: अस्लीप, अवेक, अलाइव्ह, अफ्रेड, अलोन हे शब्द नेहमीच्या वापरात नामाआधी बसत नाहीत. “द बेबी इज अस्लीप” बरोबर, “अ‍ॅन अस्लीप बेबी” चूक, तिथे “अ स्लीपिंग बेबी”.

आणि बोअर्ड-बोअरिंगची जोडी विसरू नका. ज्याला वाटतं तो बोअर्ड, ज्याच्यामुळे वाटतं ते बोअरिंग. “आय ॲम बोअरिंग” म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग, सगळं तसंच.

## टप्पा ७: शेवटी ‘इंग’चा निर्णय

हा टप्पा मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण टप्पा २ मध्ये अर्थ ठरल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही.

चूक कुठून येते ते आधी पाहू. आपण बोलतो समजतंय, आठवतंय, वाटतंय, दिसतंय, वास येतोय. मराठीत स्थितीलाही हे चालू रूप सहज लागतं. ते सरळ इंग्रजीत नेलं की “आय ॲम अंडरस्टँडिंग”, “आय ॲम रिमेंबरिंग”, “इट इज स्मेलिंग बॅड” अशी वाक्यं येतात. इंग्रजीत स्थितीला साधं रूप: “आय अंडरस्टँड”, “आय रिमेंबर”, “इट स्मेल्स बॅड”.

तपासा: मराठीत ‘करत बसलोय’ लावून बघा. “मी चव घेत बसलोय” चालतं, म्हणून “आय ॲम टेस्टिंग द सूप” बरोबर. “मी विचार करत बसलोय” चालतं, म्हणून “आय ॲम थिंकिंग अबाउट इट” बरोबर, पण ‘मला वाटतं’ या अर्थी “आय थिंक इट इज ट्रू” एवढंच. “मी जेवत बसलोय” चालतं, “आय ॲम हॅविंग डिनर”. पण “मी त्याला ओळखत बसलोय” कुणी म्हणत नाही, म्हणून “आय नो हिम”. गाडी मालकीची असणं ही काही करत बसायची गोष्ट नाही, म्हणून “आय हॅव अ कार”, हॅविंग नाही. बॅगेचं वजन करत बसता येतं, “शी इज वेइंग द बॅग”, पण बॅग स्वतः वजन करत बसत नाही, “द बॅग वेज टेन किलोज”.

किती वर्षांपासून हे सांगताना तर हमखास घसरतं. “आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स” यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य: “आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.”

सवलती थोड्या आहेत. फील आणि लुक तात्पुरत्या स्थितीसाठी दोन्ही रूपांत चालतात, “हाउ डू यू फील” आणि “हाउ आर यू फीलिंग” दोन्ही ठीक. “यू आर लुकिंग गुड टुडे” हेही ठीक. आणि “ही इज बीइंग रूड” म्हणजे तो आत्ता, या क्षणी उद्धट वागतोय, तर “ही इज रूड” म्हणजे स्वभावच तसा. बीइंग वागण्यापुरतंच, “आय ॲम बीइंग टायर्ड” होत नाही. बीइंग आलं तरी पुढे रूड, रूडली नाही.

जाहिरातीतलं इंग्रजी मात्र पुरावा म्हणून आणू नका. मॅकडोनाल्ड्सचं २००३ पासूनचं “आयम लविन इट” किंवा ॲपलचं १९९७ चं “थिंक डिफरंट” ही कानाला लागावीत म्हणून केलेली रचना आहे, परीक्षेत किंवा अर्जात ती तुमची बाजू घेणार नाही.

## टप्पा ८: वाक्यात ऑब्जेक्ट आहे का, शेवटची नजर टाका

कधी कधी वर्णन कर्त्याचं नसतं, ऑब्जेक्टचं असतं, आणि तिथेही ॲडजेक्टिव्हच लागतं. “द न्यूज मेड हर हॅपी”, हॅपिली नाही, कारण आनंदी ती झाली. “कीप द रूम क्लीन”, क्लीनली नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा: “आय फाउंड द टेस्ट ईझी” म्हणजे परीक्षा सोपी वाटली. “आय फाउंड द हाउस ईझिली” म्हणजे घर सहज सापडलं. वाटणं आणि सापडणं, परत टप्पा २ चीच युक्ती कामाला आली.

## एक उतारा दुरुस्त करून बघू

समजा कुणी ऑफिसच्या मेलमध्ये असं लिहिलंय:

“आय फील बॅडली अबाउट द डिले. द न्यू डिझाइन लुक्स लाइक ब्यूटिफुल. आय ॲम स्ट्राँगली बिलीव्हिंग दॅट द क्लायंट विल बी हॅपिली.”

पहिलं वाक्य. फील म्हणजे इथे वाटणं, जोडणारं, म्हणून बॅड. दुसरं. लुक म्हणजे दिसणं, पुढे नुसतं ॲडजेक्टिव्ह, म्हणून लाइक काढा. तिसऱ्यात दोन दुरुस्त्या आहेत आणि एक सापळा. बिलीव्ह स्टेटिव्ह, म्हणून इंग गेलं. ‘बी’ पहिल्या यादीतलं, म्हणून हॅपिली जाऊन हॅपी आलं. सापळा असा, की या झपाट्यात स्ट्राँगलीचंही स्ट्राँग करून टाकावंसं वाटतं. ते करू नका, बिलीव्ह लिंकिंग नाही, विश्वास किती ठाम आहे ते स्ट्राँगली सांगतंय, त्याला हात लावायचा नाही.

“आय फील बॅड अबाउट द डिले. द न्यू डिझाइन लुक्स ब्यूटिफुल. आय स्ट्राँगली बिलीव्ह दॅट द क्लायंट विल बी हॅपी.”

आता तुम्ही स्वतः पाठवलेला एखादा जुना मेल उघडा, त्यातली लुक, फील, साउंड आणि बी ही चारच क्रियापदं शोधा आणि प्रत्येकावर टप्पा २ लावून बघा.